वन्सं, तुमची मेंढी सोडून आले

वन्सं, तुमची मेंढी काही खात नव्हती.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून. तुम्हाला मातीआड करून आम्ही घरी आलो, घरभर माणसं, कुणी माझ्या घरात मलाच साखरेचा डबा कुठंय म्हणून विचारतंय, कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवून हुंदके देतंय, आणि मागच्या अंगणात ही बया भिंतीकडं तोंड करून उभी. पुढ्यात कोंडा ठेवला, मेथीच्या काड्या ठेवल्या, हरभऱ्याचा भुसा ठेवला. ढुंकून बघेल तर शपथ. मला असा संताप आला म्हणता! म्हटलं, भवाने, नणंद माझी गेलीय. दुखवटा मी पाळायचा, तर मला चहाच्या कपांतून सवड नाही, आणि तू खुशाल उपास करतेयस.

भेटायला येणाऱ्यांची तऱ्हा तर सांगायलाच नको. आधी डोळ्याला पदर, मग नाक पुसणं, मग हळूच मागच्या दाराकडं नजर. ‘हिचं आता काय करनार?’ असं विचारायचे, पण विचारण्याचा सूर काही दुःखाचा नव्हता. नाताळ तोंडावर आलेला. आपल्या चर्चचे पाळकसाहेब तुमच्या कबरीवर खरोखर रडले, खोटं नाही बोलणार. पण दुसऱ्या दिवशी घरी आले नि घसा खाकरून म्हणाले, “सुमनताई, स्मरणभक्तीला लोक बरेच येतील. जेवणाचं काहीतरी बघावं लागेल.” म्हणताना बघतायत कुठं, तर अंगणात. मी म्हटलं, “साहेब, वन्संच्या स्मरणार्थ वन्संचीच मेंढी खायची का?” गोरेमोरे झाले बिचारे. म्हणाले, “छे छे, बटाट्याची भाजीपण चालेल की.”

तुमचा हुकूम मला पाठ होता. पुण्याला दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, “सुमे, माज्यामागं हिला इकू नगंस अन बांधूनबी ठिवू नगंस. बिरूच्या कळपात सोड.” मी म्हटलं, “माझ्यामागं बिमागं काही नाही. बऱ्या होऊन या नि तुम्हीच सोडा.” हे भांडण तसंच राहिलं. तुम्ही उत्तर द्यायला आलाच नाहीत, आणि जिंकलातही तुम्हीच.

पण सोडायची म्हणजे काय, वन्सं? कुणाच्या हाती काही द्यायचं म्हटलं की माझा हात सुटत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपल्या पिठाच्या गिरणीत गिऱ्हाइकाला त्याचा स्वतःचा डबासुद्धा मी उचलू देत नाही, सांडतील म्हणून. आणि ही तर जिवंत मेंढी.

बरं, मुळात मेंढी घरात आणायची कुणी? तुम्ही. साहेब भोरात नवे आले होते तेव्हाची गोष्ट. पहिल्याच रविवारी त्यांनी मेंढपाळाच्या स्तोत्रावर बोलायला घेतलं. देव कसा मेंढपाळ, आपण कशी गरीब आज्ञाधारक मेंढरं, हाक मारली की येणारी, नेईल तिकडं मुकाट जाणारी. तुम्ही पहिल्या बाकावर बसून ‘व्हय, व्हय’ करत होतात, एवढ्या मोठ्यानं की साहेब दोनदा दचकले. आणि घरी येताना वाटेत मला म्हणता कशा, “सुमे, साहेबांनी मेंढरू कदी बगितलंय का गं?”

“बघितलंय की,” मी म्हटलं, “रश्शात.”

“आपूनबी तसलेच. जल्मभर सोताला मेंढरू म्हनवून घेतलं, पर मेंढराचा सोभाव कसा, ते कुनाला ठावं?”

मला वाटलं, विषय संपला. तुमचा विषय कधी संपलाय का! सुगी झाल्यावर आपल्या भोंगवलीच्या रानात बिरू धनगराचा कळप बसला. दरवर्षीचंच ते. त्याची मेंढरं रात्री आपल्या शेतात बसायची, रान खतावून जायचं, आणि आपण त्याला ज्वारी द्यायची. तुम्ही ज्वारी घेऊन गेलात. तुमचे गुडघे दुखतात म्हणून संध्याकाळी मी तुम्हाला आणायला स्टँडवर आले, तर एसटीतून आधी कंडक्टर उतरला, काखेत कोकरू मारून, आणि त्याच्या मागून तुम्ही, राणी सरकार आल्यासारख्या. कोकराला त्याची आई जवळ घेत नव्हती, एका पायानं लंगडत होतं, म्हणून बिरूनं तुम्हाला देऊन टाकलं होतं. कंडक्टर मला म्हणाला, “ताई, म्या तिकिटाचं विचारलं, तर ह्या म्हनत्यात ह्यो देवाधर्माचा अभ्यास हाय. आता अभ्यासाचं तिकीट कसं फाडू, तुमीच सांगा.”

नाव ठेवलंत शांती. असं नाव ठेवताना देवाला हसू आलं असणार. पहिल्या आठवड्यात तिनं तुळशीसारखा जपलेला माझा गवती चहाचा ठोंब मुळासकट खाल्ला. दर बुधवारी अंगणात प्रार्थनेला बायका जमायच्या, तर प्रत्येक आमेनला ही बें बें करायची, आणि तेही सगळ्यांच्या आधी. साहेब एकदा डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करत होते, तर हिनं त्यांच्या झग्याचा काठ चघळायला घेतला. त्यांना वाटलं कुणाचं तरी लेकरू ओढतंय. ते प्रेमानं हात मागं नेऊन डोक्यावरून फिरवत राहिले नि लेकरांवर आशीर्वाद मागत राहिले. तुम्ही पदर तोंडात कोंबून बसला होतात. मी बघत होते. माझे डोळे प्रार्थनेत कधीच पुरते मिटत नाहीत, आत दूध असतं गॅसवर.

आणि आज्ञाधारकपणा? तुम्ही बाटलीनं दूध पाजून वाढवलीत, मांडीवर झोपवलीत, आणि मोठी झाल्यावर ती मागं कुणाच्या यायची, तर माझ्या! अंगाला गिरणीचा वास, ओच्यात कोंडा. तुम्ही खाटेवर बसून ‘शांते, ये बाय, ये’ करून घसा कोरडा करायच्या, आणि ती माझ्या मागं मागं गिरणीच्या दारापर्यंत. तुमचं तोंड असं काही उतरायचं की मला आनंदच व्हायचा. शेवटी मी म्हटलंच, “बघा वन्सं, ही तुमची विश्वासू मेंढी. विश्वास कसला नि काय, कोंडा दिसला की निघाली. तुमच्या साहेबांना सांगा.”

मला वाटलं, आता तुम्ही निरुत्तर. तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, “मग आपून काय येगळं करतो गं? पोरगं आजारी पडलं, गेलो देवाकडं. पाऊस न्हाई, गेलो. कोंडा बगूनच जातो की. त्यालाबी ते ठावं हाय, म्हनून तर त्यो कोंडा दावतो. आदी कोंड्यामागं जायचं, मागनं मानूस वळखीचं हुतं.” मी म्हटलं, पान खाऊन भिंतीवर थुंकू नका. तेवढंच सुचलं.

पण खरं भांडण झालं ते ती पळाली तेव्हा. मी तिला तीन तीन गाठींनी बांधायची, वर दाराला कडी, कडीला तार. तुम्ही सोडायच्या. “जातीया कुटं? घर सोडून जनावर जात न्हाई.” गेली की! मी गिरणीतून जेवायला आले, तर दार सताड उघडं, खुंटा रिकामा, आणि तुम्ही अंगणात हात जोडून उभ्या, डोळे मिटून, एकदम निवांत. मी ओरडले, “अहो, प्रार्थना कसली करताय, मेंढी गेलीय!”

“त्याच्याच कानावर घालतीया. तू जा हुडकायला.”

म्हणजे हुकूम तुम्ही द्यायचा नि वणवण मी करायची. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ना, तसं खाटेवरून मेंढी. मी भर उन्हात सगळी आळी पालथी घातली, नदीकडं गेले, राजवाड्याकडं गेले, स्टँडवर जाऊन एसटीखाली वाकून बघितलं. आणि सापडली कुठं? मटणाच्या दुकानापुढं. पळवून नेलेली नाही हं, आपल्या पायांनी गेलेली. दुकानदारानं पायरीवर पाणी मारलं होतं, सावली होती, गार लागत होतं, तर ही तिथं चारी पाय दुमडून डोळे मिटून रवंथ करत बसलेली. वर तिचे भाऊबंद टांगलेले! दुकानदार म्हणाला, “ताई, म्या हात न्हाई लावला बरं का. ही आपली आपन आली. हिला हाकलून दमलो, पर ही उठंना.”

मी ही गोष्ट घरी येऊन सांगितली, तेव्हा तुम्ही किती हसलात, वन्सं! हसून हसून खाटेवर आडव्या झालात, डोळ्यांतून पाणी. मग उठून बसलात आणि म्हणालात, “बग, ह्ये साहेबांनी सांगितलं न्हवतं. मेंढरू गरीब न्हाई, येडं असतं. जिथं मरान, तिथं सावली बगून बसतं. म्हनून राखनदार लागतो गं. गुनी असतं म्हनून न्हवं.” आणि पदरानं डोळे पुसत, “मीबी अशीच. लई दुकानांपुढं बसून आलीया मी जल्मात.”

मी म्हटलं, “ते राहू द्या. पण सापडवली कुणी? मी. तुमच्या देवानं नाही.”

“आन तुला कुनी धाडलं?”

“तुम्ही!”

“मला कुनी सांगितलं?”

यावर मी हातातलं लाटणं आपटलं. दोन दिवस आपण बोललो नाही, म्हणजे मी बोलले नाही, तुम्ही बोलतच होतात. ते भांडण पुढं वर्षानुवर्षं चाललं. दिवे गेले, मेणबत्ती सापडली, तरी आपलं सुरू: कुणी सापडवली? मला मनातून वाटायचं की कधीतरी असं उत्तर सुचेल की तुम्ही गपगार व्हाल. आता सुचलं तरी ऐकायला तुम्ही नाहीत.

मग पुण्याचा दवाखाना. काळजाचं ऑपरेशन. तुम्ही साधं डॉक्टरांचं नावसुद्धा विचारलं नाहीत, आणि मी एवढं विचारलं की डॉक्टर मला चुकवून दुसऱ्या जिन्यानं जायला लागले. लाइट गेली तर काय, रात्री जवळ कोण असणार, डॉक्टर जेवलेत का, त्यांचे हात थरथरत नाहीत ना. शेवटी ते वैतागून म्हणाले, “यातल्या पेशंट नक्की कोण?” तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. “ह्या. मी नुसती ऑपरेशनला आलीया.” अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले, पण ढकलगाडी निघाली तेव्हा तुमचा हात काही सोडला नाही. गाडीबरोबर चालत राहिले. दारापाशी सिस्टर म्हणाली, आता सोडा. मी सोडेना. तेव्हा तुम्ही मान वळवून म्हणालात, “सुमे, सोड गं. त्यो हाय न्हवं.”

मी सोडला. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले सगळे. तुम्ही पातळ खिमटी खाल्लीत, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलात, मला तर हायसं वाटलं. आणि दोन दिवसांनी दुपारी झोपलात त्या उठलाच नाहीत.

मला राग आला, वन्सं. तुमचा नाही, त्याचा. अजून आहे. ज्याच्या भरवशावर मी हात सोडला, त्यानं परत दिला नाही. स्मरणभक्तीला साहेबांनी मेंढपाळाचंच स्तोत्र घेतलं, तुमच्या आवडीचं म्हणून, आणि मी पहिल्या बाकावर तुमच्या जागेवर बसून दात खात होते. मोठा आला राखणदार, असं म्हणत होते मनात. आणि घरी ही दुसरी, शांती, उपाशी, भिंतीकडं तोंड करून. एकदा सोडलं तर हे असं झालं. आता पुन्हा सोडायचं? कुणाच्या जिवावर?

पण तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. मग मी बिरूला फोन केला. तो म्हणाला, औंदा कळप वेल्ह्याच्या अंगाला आलाय, विंझरला रानात बसलोय, घिऊन या. गिरणीच्या गिऱ्हाइकाचा टेम्पो तिकडं चालला होता. मी पिठाच्या पोत्यांत शांतीला घेऊन बसले. साडी पांढरी, मेंढी पांढरी, उतरलो तेव्हा ड्रायव्हरला दोघींतला फरक कळेना.

बिरूचा वाडा रस्त्याच्या कडेच्या रानात होता. सुतळीच्या जाळ्यांचं कुंपण, दोन कुत्री, चूल, आणि मेंढरंच मेंढरं. मी दावं मनगटाला गुंडाळून घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. रात्री कुठं झोपते? थंडीत काय करता? तिचा पाय लंगडतो, लांब चालवणार का? दुसऱ्या मेंढ्या ढुसण्या मारतील त्याचं काय? तिला गार सावली दिसली की ती कुठंही बसते, तुमचं लक्ष असतं का? बिरू आधी नीट उत्तरं देत होता. मग त्यानं पागोटं काढून डोकं खाजवलं नि म्हणाला, “मावशी, मेंढी देताय का पोरगी?”

मी म्हटलं, “सरळ सांग. लांडगा येतो का इकडं?”

“येतो की.”

“मग?”

“मग काय? मी बी असतो की.”

एवढंच बोलला, वन्सं. खरं सांगते, तो ‘न्हाई येत’ म्हणाला असता तर मी शांतीला तशीच परत आणली असती. ‘असं काही होत नाही’ म्हणणाऱ्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही, गिरणी चालवून एवढं कळतं. हा म्हणाला, लांडगा येतो, आणि मी असतो. त्यानं दावं मागितलं नाही की ओढलं नाही. काठीनं बाभळीच्या शेंगा पाडत राहिला, जसं काही मी तिथं नाहीच.

शेंगांचा आवाज झाला तशी शांतीनं मान वर केली. कान टवकारले. माझ्याकडं बघितलं, माझ्या ओच्यातल्या कोंड्याकडं बघितलं, आणि मला दावं सोडायची गाठ सापडेना, माझीच गाठ! दातांनी सोडवली शेवटी. ती निघाली. लंगडत गेली आणि खायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, कडाकडा, तोंडात मावेना इतकं. दुसऱ्या मेंढीनं ढुसणी मारली तर हिनं उलटून मारली. मी रडायला लागले. आनंद झाला होता, आणि अपमानही. मागं वळून एकदा तरी बघावं की नाही माणसानं!

मग मी विंझरच्या स्टॉपवर येऊन एसटीची वाट बघत बसले. आणि तिथं माझ्या तोंडून निघालंच, वन्सं. मी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती, ते खातं तुमच्याकडं होतं. डोळेही मिटले नाहीत, एसटी निघून जाईल म्हणून. वर बघून म्हटलं, “ऐक. आमच्या वन्सं आल्यात तुझ्याकडं. त्यांना सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो, गोडमिट्ट. उजवा गुडघा दुमडत नाही, खाली बसवू नकोस. गाताना सूर सोडतात, पण मधेच थांबवू नकोस, मागच्या रांगेत उभं कर. भांडायला कुणी नसलं तर त्या आजारी पडतात, तेव्हा तूच भांड थोडंसं, आणि हरत जा. रागावू नकोस. ऐकत नाहीत त्या कुणाचं. मी तुझ्यावर रागावलेली आहे, ते वेगळं. पण तू आहेस तिथं, एवढं मी धरून चालते. तेव्हा बघ त्यांच्याकडं.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. थोड्या वेळानं म्हणाले, “कुनाला धाडलं म्हनायचं?”

“नणंदेला,” मी म्हटलं.

“घर चांगलं हाय का?”

मी म्हटलं, “चांगलं आहे.”

“मानसं?”

“चांगली आहेत.”

“मग रडताय कशापायी, बाई?”

“त्या सुखात आहेत हो, बाबा,” मी म्हटलं. “मलाच करमत नाही.”